सोनपाठी सुतार आणि मराठा सुतार : मराठवाड्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिमगा जवळ आला, लिंबाची पानं गळायला लागली की मोबाईलवर फोटो यायला सुरुवात होते. बांधावरच्या झाडाला हा कोण ठोकतोय, हा सुतार पक्षीच ना, मग गेल्या आठवड्यात पाहिला तो तर सोनेरी होता आणि हा काळा-पांढरा ठिपक्याठिपक्यांचा कसा काय. प्रश्न बहुतेक तेच तेच असतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. आपल्याकडं शेतात, गावात, शहरातल्या जुन्या बागेत सहज दिसणारे सुतार दोनच, सोनपाठी आणि मराठा, त्यामुळं बोलणं मुख्य ह्या दोघांचंच.

हे दोन वेगळे पक्षी कशावरून? एकाचेच नर-मादी नसतील का?

नाही, एकदम वेगळे. नुसत्या जाती नाही, दोघांचं कुळातलं घराणंच वेगळं आहे. सोनपाठीचं शास्त्रीय नाव डिनोपियम बेंगालेन्सी, मराठ्याचं लिओपिकस मराटेन्सिस. सोनपाठी चोचीपासून शेपटीपर्यंत २६ ते २९ सेंटीमीटर भरतो, म्हणजे साळुंकीपेक्षा मोठाच, आणि वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. मराठा १७-१८ सेंटीमीटरचा, बुलबुलापेक्षा थोडा लहान, वजन २८ ते ४६ ग्रॅम. दोघं एका फांदीवर आले तर तुम्हाला विचारायची गरजच पडणार नाही, पण असं समोरासमोर क्वचितच बघायला मिळतं म्हणून गोंधळ होतो.

लांबून, दुर्बीण नसताना, पहिल्या नजरेत ओळखायचं कसं?

पाठ बघा. एवढं एक लक्षात ठेवलं तरी दहातले नऊ वेळा काम भागतं. उन्हात पिवळीधमक सोनेरी पाठ चमकली की तो सोनपाठी, आणि पाठ काळपट तपकिरी, तिच्यावर पांढरे ठिपके पेरलेले असले की मराठा.

पुढं बघायचं असेल तर सोनपाठीचा गळा काळा असतो आणि त्या काळ्यावर बारीक पांढरे ठिपके, डोळ्यातून मागं मानेपर्यंत जाणारा काळा पट्टा, पोट पांढरं पण त्यावर काळी खवलेदार नक्षी, आणि शेपटीच्या वर कंबरेला काळा रंग. सोनेरी पाठीचे सुतार भारतात अजूनही आहेत पण काळा गळा आणि काळी कंबर दोन्ही एकत्र फक्त ह्याच्याकडं.

मराठ्याचं कपाळ पिवळसर, गळा पांढुरका, मानेच्या बाजूला तपकिरी डाग, छातीवर तपकिरी रेघा, आणि पोटाच्या मधोमध एक लाल धब्बा. हा लाल धब्बा नवीन लोकांना दिसतच नाही कारण पक्षी खोडाला चिकटलेला असतो. तो फांदीच्या खालच्या बाजूनं उलटा चालायला लागला की मग दिसतो, आणि तो हमखास तसा चालतो, म्हणून थोडं थांबायचं.

नर कोणता मादी कोणती?

दोन्ही जातीत डोक्यावरच्या लाल रंगावर सगळा खेळ आहे. सोनपाठी नराचं कपाळापासून तुऱ्यापर्यंत सगळं डोकं लाल, मादीचा फक्त मागचा तुरा लाल आणि पुढचं कपाळ काळं, त्यावर पांढरे ठिपके. मराठा नराचं कपाळ पिवळं आणि त्याच्या मागं डोक्यावर लाल पट्टा, मादीला तो लाल अजिबात नाही. म्हणजे डोक्यावर कुठंच लाल नसलेला लहानसा ठिपकेदार सुतार दिसला तर ती मराठा मादी, वेगळी जात नाही.

आमच्या गावात ज्याला सुतार म्हणतात त्याच्या डोक्यावर मोठा तुरा असतो, चोच लांब बारीक वाकडी, आणि तो जमिनीवर चालत असतो. तो ह्यातला कोणता?

तो ह्यातला कोणताच नाही, तो हुदहुद. मराठवाड्यात लई गावांत हुदहुदलाच सुतार म्हणतात, शाळेतल्या लेकरांना विचारलं तरी बरेच जण त्याच्याकडंच बोट करतात. तो अंगानं बदामी, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, तुरा उघडझाप करतो आणि चोच मातीत खुपसून अळ्या काढतो. खोडावर सरळ उभा चढत नाही, लाकूड कोरत नाही. ढोलीत घरटं करतो हे खरं, पण आयत्या.

खऱ्या सुताराची खूण म्हणजे तो खोडाला पायानं धरून शेपटी टेकवून बसतो. दोन बोटं पुढं, दोन मागं, आणि शेपटीची पिसं ताठ, तिसरा पाय असल्यागत तिचा आधार घेतो. हुदहुदला हे जमत नाही.

दिवसभर टुक-टुक-टुक आवाज येतो, उन्हाळ्यात तर थांबतच नाही. तो सुतार ठोकत असतो ना?

तो तांबट. हिरवा, चिमणीपेक्षा थोडा मोठा, कपाळ लाल, पिंपळाच्या नाहीतर उंबराच्या शेंड्यावर बसून गळ्यातनं तो आवाज काढतो. एका लयीत, सारख्या अंतरानं, मिनिटंच्या मिनिटं चाललेला टुक-टुक म्हणजे लाकडाचा आवाज नाहीच.

सुताराचं ठोकणं दोन प्रकारचं. एक, खाणं शोधताना, थोडं ठोकलं, थांबला, बाजूला सरकला, परत ठोकलं, त्याला लय नसते. दुसरं म्हणजे वाजवणं, वाळक्या पोकळ फांदीवर एकदम वेगात टर्रर्र करून काही सेकंदात संपतं, आणि ते ह्या हद्दीत मी आहे हे सांगायला किंवा जोडीदाराला बोलवायला असतं. दोघंही वाजवतात, विणीच्या दिवसांत जास्त.

नुसत्या आवाजावरून दोघं ओळखता येतात का?

येतात, आणि खरं सांगायचं तर सोनपाठी आधी ऐकूच येतो मग दिसतो. त्याचं ओरडणं मोठं, कर्कश, सुरुवातीपासनं जोरात आणि एका दमात किलकिलाट केल्यासारखं, उडताना तर हमखास. एका झाडावरनं दुसऱ्या झाडावर जाताना वरखाली वरखाली हेलकावे घेत जातो आणि तेव्हाच ओरडतो, त्यामुळं मान वर केली की सोनेरी रंग दिसून जातो.

मराठा मितभाषी. मधनंच एक बारीक तीक्ष्ण 'क्लिक' किंवा क्लिकच्या पुढं छोटीशी थरथर, बस्स. तो कितीतरी वेळा तुमच्या डोक्यावरच्या बाभळीत असतो आणि तुम्हाला पत्ता नसतो. मला विचाराल तर म्हणूनच लोकांना वाटतं की मराठा दुर्मिळ आहे. तो दुर्मिळ नाही, गप्प आहे.

त्याला मराठा नाव कुणी दिलं?

जॉन लॅथम नावाच्या इंग्रज पक्षी अभ्यासकानं १८०१ साली ह्या जातीचं वर्णन केलं, तेव्हा मराठ्यांच्या मुलखावरनं शास्त्रीय नावात ते घातलं. पक्षी मात्र फक्त आपल्याकडचा नाही, पाकिस्तानपासून भारतभर, श्रीलंका, नेपाळ, म्यानमार आणि पुढं आग्नेय आशियातही आहे. काही पुस्तकांत तो पिवळ्या कपाळाचा सुतार म्हणून सापडेल, तोच हा. सोनपाठीचं नाव त्याहून जुनं, १७५८ सालचं, स्वीडनच्या लिनियस ह्या निसर्गशास्त्रज्ञानं दिलेलं, आणि त्याच्या नावात बंगाल आहे, तरी तो पाकिस्तानपासून श्रीलंकेपर्यंत राहतो.

आपल्या भागाशी जोडलेली एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता तेव्हा, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी त्या संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं. त्या कामात त्यांच्या पत्नी तेहमिना बरोबर असायच्या. पुढं सोनपाठीच्या दक्षिणेकडच्या, केरळच्या बाजूच्या एका उपजातीला त्यांच्याच नावावरून 'तेहमिनी' हे नाव मिळालं. संभाजीनगरात दिल्ली गेटजवळ सलीम अली सरोवर आहे, शेजारच्या हिमायत बागेत सोनपाठी ओरडत असतो, तिथं कधी गेलात तर हे आठवून बघा.

मराठवाड्यात बघायचे कुठं?

सोनपाठीसाठी लांब जाऊच नका. जिथं जुनी, जाड बुंध्याची झाडं आहेत तिथं तो आहे, आमराई, चिंचेची रांग, मंदिरामागचा वड, शाळेच्या पटांगणातला लिंब, कॉलनीतला शिरीष. हिमायत बाग, विद्यापीठाचा परिसर, परभणीच्या कृषी विद्यापीठाची जुनी झाडं, अशा जागा त्याच्या आवडीच्या. माणसाची वर्दळ त्याला चालते.

मराठा शोधायचा तर उघड्या, विरळ, कोरड्या रानात जायचं. बाभूळ, हिवर, बोर, पळस, सालई, मधे मधे मोकळं माळरान. बालाघाटाच्या डोंगराची उतरण, येडशीच्या रामलिंगाकडचं रान, पाटोद्याजवळचं नायगाव मयूर अभयारण्य, कन्नडकडं गौताळा, ही सगळी त्याच्या पसंतीची जमीन. कोकणात नाहीतर घाटमाथ्याच्या दाट ओल्या जंगलात हा पक्षी शोधून हैराण व्हाल, आणि इथं आपल्या ओसाड वाटणाऱ्या बाभळबनात तो निवांत असतो. आपल्याकडं काय आहे बघायला असं म्हणणाऱ्या माणसाला मी हाच पक्षी दाखवतो.

वेळ सकाळी लवकर, आणि महिना फेब्रुवारी ते एप्रिल. पानगळ झालेली असते, फांद्या उघड्या पडतात, आणि पक्षीही विणीच्या गडबडीत असल्यामुळं वाजवतात, ओरडतात. श्रावणात तेच झाड हिरवंगार झालं की समोर असून दिसत नाही.

दोघं एकाच झाडावर राहतात का? भांडत नाहीत का?

एकाच झाडावर येऊ शकतात, आणि फारसं भांडायचं कारणही नसतं, कारण झाड दोघांनी आपसात वाटून घेतलेलं आहे.

सोनपाठी वजनानं जड, चोच लांब आणि दणकट, त्यामुळं तो खोड, जाड फांद्या, बुंध्याची फुटलेली साल असलं काम धरतो. तळाशी येतो, खोडाभोवती गोल फिरत फिरत वर चढत जातो, शेंड्याला पोचला की पुढच्या झाडाच्या तळाशी उडी. मुंग्यांची रांग दिसली तर सरळ जमिनीवर उतरतो, मुंग्या हे त्याचं आवडतं खाणं. मराठा हलका, चोच आखूड, म्हणून तो वरच्या पातळ फांद्यांवर, अंगठ्याएवढ्या वाळक्या काटक्यांवर, सालीच्या बारीक भेगांत शोधतो, जिथं सोनपाठी बसला तर काटकीच मोडेल. चपळ पण एवढा की फोटो काढणारे वैतागतात.

दुसरा फरक झाडांच्या निवडीतला. सोनपाठीला थोरली झाडं लागतात, मराठ्याचं खुरट्या बाभळीवरही भागतं. म्हणून ज्या गावच्या शिवारात मोठी झाडं तुटली आणि बांधाला नुसत्या बाभळी उरल्या तिथं सोनपाठी कमी होत जातो आणि मराठा राहतो, आणि शहरात उलटं, बागेतली जुनी झाडं राहिली म्हणून सोनपाठी राहिला पण काटेरी रान प्लॉटिंगमधे गेलं तसा मराठा गेला. तुमच्या शिवारात दोन्ही दिसत असतील तर समजा तिथं जुनी झाडं पण आहेत आणि काटवन पण आहे, आणि हे दोन्ही एका जागी असणं आता सोपं राहिलेलं नाही.

सुतार झाड पोखरतो, आमच्या आंब्याला भोकं पाडली. त्याला हाकलायचं का?

हाकलू नका. आधी ते भोक बघा. आंब्याच्या खोडातनं भुसा बाहेर येतोय, चिकट रस गळतोय, फांदी वाळत चाललीय असं असेल तर आत भिरूड म्हणजे खोड पोखरणारी कीड आहे, आणि सुतार त्या भिरूडाच्या अळीसाठीच आलाय. मोसंबीत सालीवर जाळी आणि भुश्याच्या विष्ठेचे बोगदे दिसले तर ती साल खाणारी अळी. झाड आधीच आतनं पोखरलेलं असतं, सुतार येतो ते नंतर, आणि लोकांना दिसतो तो सुतार म्हणून आळ त्याच्यावर.

ठणठणीत, हिरव्या, रसरशीत लाकडात खोल भोक पाडायला त्याला आवडतही नाही, त्यात लई मेहनत जाते आणि मिळत काही नाही. घरट्यासाठीसुद्धा तो बुरशीनं आतनं मऊ झालेलं लाकूड निवडतो. सुतार एकाच जागी सारखा सारखा येतोय हे दिसलं की मी तर म्हणेन फुकटात झाडाची तपासणी झाली, त्या जागेवर तार घालून अळी काढा, आणि औषध टोचायचं असेल तर त्या भोकापुरतंच टोचून वरनं चिखलानं बुजवा. अख्ख्या झाडावर विषारी फवारणी नको, कारण मेलेली किंवा मरायला टेकलेली अळी हाच पक्षी खाणार आणि पिल्लांना नेऊन घालणार.

मुंग्या-अळ्या सोडून आणखी काय खातात?

वाळवी, भुंगेरे, त्यांची अंडी-कोष. उन्हाळ्यात पिकलेली फळं थोडीफार. आणि फुलांतला मध. पळस, पांगारा, काटेसावर फुलली की त्या झाडाखाली उभं राहा, साळुंक्या, बुलबुल, कोतवाल ह्यांच्या गर्दीत सोनपाठी येऊन जातो, सोनेरी पाठ आणि भगवी फुलं एका फ्रेममधे मिळाली तर फोटोवाल्यांचं वर्ष सार्थकी लागतं.

एवढं डोकं आपटतो, त्याला दुखत नाही का?

पूर्वी सगळीकडं असंच छापून यायचं की कवटीत स्पंजासारखं हाड असतं आणि ते धक्का शोषून घेतं. बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठाच्या संशोधकांच्या गटानं २०२२ साली वेगवान कॅमेऱ्यानं केलेलं चित्रण तपासलं, पक्षी तीन जातींचे होते, आपले नाही, पण सुतारच. निघालं असं की धक्का शोषला जातच नाही, चोच आणि कवटी दोन्ही एकदम एकत्रच थांबतात, म्हणजे डोकं घणासारखं कडक काम करतं. आणि त्यात फायदाच आहे, धक्का मधेच शोषला गेला असता तर लाकडावर मार कमी बसला असता आणि त्याला आणखी जोरानं मारावं लागलं असतं. मेंदूला इजा होत नाही कारण मेंदूच फार लहान आहे, आपल्या मेंदूला जो दणका सोसणार नाही तो एवढ्या छोट्या मेंदूला सोसतो.

जीभ डोक्याभोवती गुंडाळलेली असते हे खरं आहे?

जीभ नाही पण तिला आधार देणारं हाड आणि स्नायू, ते खरंच कवटीच्या मागनं फिरून वर डोक्यावरनं कपाळापर्यंत आलेले असतात. त्यामुळं जीभ चोचीच्या बाहेर लांबवर जाते, टोकाला आकडे आणि वर चिकट लाळ, बोगद्यातली अळी ओढून काढायला. दोन्ही जातीत रचना हीच.

घरटं कधी आणि कुठं करतात?

साधारण फेब्रुवारी ते जुलै. अंडी पांढरी शुभ्र, बहुतेक तीन. नर-मादी दोघं मिळून कोरतात, दोघं उबवतात, दोघं भरवतात, आणि सुतार कुळात रात्री अंड्यांवर नर बसतो. सोनपाठीची अंडी अकरा दिवसांच्या आसपास फुटतात आणि पुढं तीनेक आठवड्यांत पिल्लं बाहेर पडतात. मराठ्याला उबवायला थोडे जास्त दिवस, तेरा-चौदा.

सोनपाठीचं घर आंबा, शिरीष, नारळ असल्या जाड खोडात, मराठ्याचं वाळक्या फांदीत. तिरप्या फांदीचं भोक पुष्कळदा खालच्या अंगाला असतं, वळवाचा पाऊस आत शिरत नाही.

वाळलेलं झाड उभं ठेवून काय उपयोग? सरपण तरी होतंय.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचाही हाच, म्हणून थोडं लांब लिहितो.

सुतार दर विणीला बहुधा नवीन ढोली कोरतो. जुनी टाकून देतो, ती रिकामी राहत नाही. पोपट येतात, साळुंकी येते, दयाळ येतो, रानचिमणी म्हणजे ती गळ्याला पिवळा ठिपका असलेली, ती मराठ्यानं सोडलेल्या बारक्या भोकात घर करते. ह्यातल्या कुणालाच लाकूड कोरता येत नाही. कोरता येतं ते सुताराला आणि तांबटासारख्या थोड्या पक्ष्यांना. म्हणजे एक वाळकी फांदी गेली की एक सुतार गेला एवढंच होत नाही, पुढच्या तीन-चार वर्षांत त्या भोकात जे जे राहिले असते ते सगळे गेले.

आणि आपल्याकडं परिस्थिती अशी की दुष्काळाच्या साली बांधावरची झाडं व्यापाऱ्याला जातात, बाभूळ आधी, मग लिंब. त्यात चूक शेतकऱ्याची काढायची नाही, घरात पैसा नसताना माणूस झाड विकणारच. रस्ते रुंद झाले त्यात दोन्ही बाजूचे जुने वड-लिंब गेले. नवीन झाडं लागतात, पण त्या झाडात ढोली कोरण्याइतकं जाड आणि आतनं मऊ लाकूड तयार व्हायला वीस-पंचवीस वर्षं सहज जातात. तोपर्यंत जे वाळकं उभं आहे तेच खरं.

तर मग करायचं काय. फांदी गोठ्यावर, वायरवर, रस्त्यावर, घराच्या पत्र्यावर पडेल अशी असेल तर काढा, त्यात दुमत नाही. तशी नसेल तर अख्खं झाड मुळापासून पाडू नका, वरच्या बारक्या फांद्या सरपणाला घ्या आणि आठ-दहा फूट खोड उभं ठेवा. शेतात सावली पडते ही तक्रार असते, वाळक्या खोडाची सावली पडत नाही. तोडायचंच असेल तर फेब्रुवारी ते जुलै सोडून, दसरा-दिवाळीच्या पुढं तोडा, आणि आधी झाडाभोवती एक चक्कर मारून भोक बघा. भोकाच्या कडा ताज्या, फिकट असतील, खाली लाकडाचा भुसा पडलेला असेल तर आत कुणीतरी राहतंय. बुंध्याला वाळवीचं औषध ओतायचं, सरसकट ओतायचं, हे तर वाळक्या झाडाला करूच नका, ती वाळवी ह्यांचं खाणं आहे.

हे पक्षी संपत चाललेत का?

जगाच्या पातळीवर दोन्ही जाती 'कमी चिंतेच्या' वर्गात आहेत, आयुसीएन ह्या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत. पण जगाची यादी तुमच्या शिवाराची नसते. आपापल्या गावाची नोंद आपणच ठेवायची, ईबर्ड ह्या पक्षी नोंदींच्या वेबसाइटवर तारीख-जागेसह टाकली तर पुढच्या माणसाच्या कामाला येते. पकडणं, पाळणं, मारणं हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे, दोघांच्याही बाबतीत.

सोनेरी पाठ आहे पण मानेमागं पांढरं दिसतंय, डोकं पिवळं आहे. हे काय?

पांढऱ्या मानेचा सुतार, तिसरी जात. मान मागनं पाठीपर्यंत पांढरी आणि मादीचं डोकं पिवळं. आकारानं सोनपाठीएवढा किंवा थोडा मोठा. हा गावात येत नाही, डोंगरातल्या पानझडी जंगलाचा पक्षी. फोटो नीट घ्या, खासकरून मानेचा आणि गळ्याचा. आणि मराठ्यासारखाच पण चिमणीएवढा सुतार दिसला, पोटाला लाल नाही, डोकं तपकिरी, तर तो बुटका तपकिरी डोक्याचा सुतार, किनवट-माहूरच्या सागवानात आणि गौताळ्यात बघायला हरकत नाही.

मोबाईलवर आवाज वाजवला की पक्षी जवळ येतो म्हणतात. वाजवू का?

नको. विणीच्या दिवसांत तर अजिबात नको. त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला, मग अंडी-पिल्लं सोडून तुमच्या मोबाईलभोवती फिरत बसतो, आणि तेवढ्यात साळुंकी ढोलीत घुसायला टपलेलीच असते. आवाज ओळखायला मर्लिन ॲप आहे, ते नुसतं ऐकतं, वाजवायची गरज नाही.

लाकडी पेटी टांगली तर सुतार त्यात राहील का?

सहसा नाही. त्याला स्वतः कोरायचं असतं. पेटी टांगली तर साळुंकी, चिमणी, दयाळ येतील, तेही चांगलंच आहे. सुतारासाठी पेटीपेक्षा वाळकं खोड बरं, अंगणात जागा असेल तर आंब्याचा नाहीतर शेवग्याचा जाड ओंडका उभा रोवून बघा, घरटं नाही झालं तरी मुंग्या-अळ्या खायला येतील.

वावटळीत ढोलीची फांदीच मोडून पडली, आत पिल्लं आहेत. काय करायचं?

एप्रिल-मे मधे अवकाळीत हे हमखास होतं. पिल्लं बाहेर काढू नका, घरी नेऊ नका, पाणी चोचीत ओतू नका, त्यानं श्वासात पाणी जाऊन मरतात. ढोलीचा तुकडा जसा आहे तसा उचला, भोक होतं त्याच दिशेला करून त्याच झाडाला, जमेल तेवढ्या उंचीवर, उभा बांधा. तार नको, काथ्या नाहीतर जाड दोरी, वर पत्रा नाहीतर पोत्याचा तुकडा सावलीला. मांजर चढणार नाही हे बघा. मग लांब, निदान पन्नास-साठ पावलं जाऊन बसा आणि तास-दोन तास वाट बघा, पिल्लं ओरडत राहिली तर आई-बाप बहुधा शोधत येतात. संध्याकाळपर्यंत कुणीच आलं नाही किंवा पिल्लू जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ ह्या नंबरवर फोन करा, आणि माणूस येईपर्यंत पिल्लू भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, सावलीत ठेवा. खोक्यात खाली सुती फडकं खरबरीत असू द्या, गुळगुळीत कागद नको, पायांना पकड मिळाली पाहिजे.